लॅटिनची वही: 'ॲलिबाय' सुटला

या आठवड्यात 'ॲलिबाय' घेतला. गुन्हा घडला तेव्हा आरोपी दुसरीकडेच होता, हा बचाव. कोर्टाच्या बातम्यांत सारखा भेटतो.

इंग्रजीत ते नाम आहे, लॅटिनमध्ये मात्र साधं स्थळ सांगणारं क्रियाविशेषण. 'अलिउस' म्हणजे दुसरा, 'इबी' म्हणजे तिथे. मिळून 'अलिबी', दुसरीकडे. उच्चारात जोर पहिल्या 'अ'वर, शेवटी 'बी'; 'बाय' ही इंग्रजांची करणी. त्याचं नामही इंग्रजी कोर्टांतच झालं, अठराव्या शतकात.

खरी मजा पुढे आली. उबी, इबी, अलिबी असं एका ओळीत लिहिलं आणि खाली कुत्र, तत्र, अन्यत्र. प्रत्यय निराळा, बांधणी तीच! मग 'इबीदेम', म्हणजे त्याच ठिकाणी. इंग्रजी तळटीपांत हाच तोडून 'इबिड' छापतात आणि आपल्या प्रबंधांत त्याच जागी 'तत्रैव' असतं. शिवाय 'इबी' हा आपल्या 'इह'चा, म्हणजे इहलोकातल्या 'इह'चा, सख्खा भाऊ. पालीत तो 'इध' आहे. मूळच्या 'ध'चा संस्कृतात 'ह' झाला, लॅटिनमध्ये 'ब'. संस्कृत येणाऱ्यांनी ही तीन रूपं एकदा शेजारी मांडून बघाच.

मग कायदा उघडला. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलमांत 'ॲलिबाय' हा शब्दच नाही. कलम ११ मध्ये नुसतं उदाहरण आहे: गुन्हा कलकत्त्याला, आरोपी त्या दिवशी लाहोरला. कलम १०३ च्या उदाहरणात तर 'त्या वेळी आपण अन्यत्र होतो' असं जो म्हणेल त्याने ते सिद्ध करावं, एवढंच. मला हे फार आवडलं. लॅटिन शब्द टाळला, पण त्याचा नेमका मूळ अर्थ ठेवला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हे कलम ११ आता कलम ९ झालंय आणि गावं बदलून चेन्नई नि लडाख आलीत.

'ॲलिबाय' सबब या अर्थानेही वापरतात. मी वहीत तो अर्थ घेतलेला नाही. शब्दात फक्त जागा आहे, खरंखोटं नाही.

पुढचं पान 'अलिआस'चं. पोलिसांच्या कागदांत 'उर्फ'च्या जागी येणारा हा शब्दही 'अलिउस'चाच, पण जागा न सांगता 'एरवी' असं सांगणारा. स्त्रीलिंगी अनेकवचनी द्वितीयेचं रूप त्यात गोठून बसलंय, म्हणून आधी ती विभक्ती पक्की करतोय.