बंद लॅपटॉप-टॅब्लेटमधून काय वाचवायचं : माझा अनुभव

बंद लॅपटॉप समोर आला की त्यातला कोणता भाग धड आहे हे मी नंतर बघतो. आधी बघतो कनेक्शन. कीबोर्ड अगदी नवाकोरा असला तरी माझ्या कामाचा नसतो, कारण त्याची रिबिन (चपटी केबल) फक्त त्याच मदरबोर्डावरच्या कंट्रोलर चिपला कळते. उलट, ओरखडे पडलेलं पॅनेल (स्क्रीनचा डिस्प्ले) किंवा निम्मी रया गेलेला १८६५० सेल (बॅटरीतला गोल लिथियम सेल) मी जपून ठेवतो, कारण ते कशाला जोडायचे हे ठरलेलं असतं. या एका चाळणीने अर्धा ढीग लगेच बाजूला होतो.

त्याहीआधी यंत्र खरंच मेलंय का, ते तपासायचं. बॅटरी आणि अडॅप्टर दोन्ही काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं, मग नुसत्या अडॅप्टरवर चालू करायचं. दिवे लागतात, पंखा फिरतो पण स्क्रीन काळीच राहते, असं असेल तर रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे आणि एकेक पट्टी आलटूनपालटून बसवून बघायची. काहीच हालचाल नसेल तर बेंच सप्लायवरून (व्होल्टेज आणि करंट ठरवता येणारा टेबलावरचा सप्लाय) १९ व्होल्ट देऊन करंट बघतो. करंट शून्य म्हणजे जॅक तुटलाय किंवा इनपुटचे मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) चालू होत नाहीत. काही मिलिअँपिअर घेतोय म्हणजे स्टँडबायच्या लाइन उभ्या राहताहेत, बोर्डात जीव असू शकतो. सप्लाय लगेच करंट-लिमिटला, म्हणजे ठरवून दिलेल्या कमाल करंटला, जाऊन बसला तर मुख्य लाइनवर शॉर्ट आहे, आणि बहुतेक वेळा तो एखादा सिरॅमिक कपॅसिटर निघतो. तो शोधायला त्याच लाइनवर फक्त १ व्होल्ट आणि २-३ अँपिअर देतो आणि बोर्डावर अल्कोहोल पसरतो. ते ज्या भागावरून सर्वांत आधी उडतं, तो भाग दोषी. एकच व्होल्ट अशासाठी, की शॉर्ट कपॅसिटरऐवजी मॉस्फेट निघाला तर आपण दिलेला व्होल्टेज थेट प्रोसेसरच्या लाइनवर पोहोचतो. तिथे १९ व्होल्ट गेले की दुरुस्तीचा विषयच संपला.

मदरबोर्ड दुरुस्त होत नाही असं ठरलं की सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे पॅनेल. ड्रायव्हर बोर्ड (एचडीएमआय सिग्नल पॅनेलला समजेल असा करून देणारं सर्किट) जोडला की त्याचा एचडीएमआय मॉनिटर होतो. बोर्ड मागवताना लॅपटॉपचा मॉडेल नंबर बघायचा नाही, कारण एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन कंपन्यांची पॅनेलं बसवलेली असतात. पॅनेल काढून त्याच्या पाठीवरच्या स्टिकरवरचा क्रमांक वाचायचा. एलपी१५६डब्ल्यूएच म्हणजे १५.६ इंच आणि १३६६ × ७६८. एलपी१५६डब्ल्यूएफ म्हणजे तेवढ्याच आकाराचं १९२० × १०८०. बी१५६एक्स आणि बी१५६एच यांच्यातही तोच फरक.

मग कनेक्टर. पॅनेलला चित्राचा डेटा पोहोचवण्याच्या दोन पद्धती आहेत, नवी ईडीपी आणि जुनी एलव्हीडीएस. नव्या पॅनेलांवर बहुधा ३० पिनांचा ईडीपी असतो, त्याआधीच्या एलईडी पॅनेलांवर ४० पिनांचा एलव्हीडीएस. पण नुसत्या पिना मोजून निर्णय घेऊ नये. टच असलेली किंवा जास्त रिफ्रेश रेटची ईडीपी पॅनेलंही ४० पिनांची असतात. क्रमांकावरून डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) काढून बघायला पाच मिनिटं लागतात, ती घालवावीत. कडेला दोन तारांची पातळ हाय-व्होल्टेज केबल आणि वेगळा इन्व्हर्टर दिसला तर बॅकलाइट (पॅनेलमागचा उजेड) जुना सीसीएफएल, म्हणजे बारीक ट्यूबलाइटचा आहे. त्याच्या वाटेला मी जात नाही.

ईडीपीचा बोर्ड बहुधा पॅनेलमधूनच रिझोल्यूशन वाचून घेतो. एलव्हीडीएसच्या बोर्डाला मात्र त्या रिझोल्यूशनचं फर्मवेअर घालावं लागतं किंवा जंपरने निवडावं लागतं. त्याच बोर्डावर पॅनेलच्या व्होल्टेजचाही जंपर असतो: ३.३, ५ आणि १२. लॅपटॉपच्या पॅनेलला ३.३ व्होल्टच लागतात. जंपर ५ किंवा १२ वर राहिला की पॅनेलचं कंट्रोल सर्किट जळतं, आणि ते बदलण्यात अर्थ नसतो. म्हणून केबल लावण्याआधी बोर्ड एकटा चालू करून पॅनेल-सप्लायच्या पिनेवर मीटर धरून ३.३ मोजायचे. बॅकलाइटची लाइन वेगळी असते, तिला साधारण १२ व्होल्ट लागतात. पूर्ण जोडणीला १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर पुरतो.

केबलचं पॅनेलकडचं टोक सरळ आत सरकवायचं, तिरकं करून दाबायचं नाही. ३० पिनांच्या ईडीपीत बॅकलाइटचा सप्लाय २६ ते २९ या पिनांवर असतो. तारा उलट्या क्रमाने बसवलेली केबल आली तर हेच १२ व्होल्ट ग्राउंडवर आणि डेटाच्या पिनांवर जाऊन आदळतात. पहिली पिन कुठे आहे आणि ग्राउंडच्या पिना बोर्डाच्या ग्राउंडशी जुळताहेत का, हे मीटरच्या कंटिन्युइटीवर (जोड सलग आहे का ते दाखवणारी सेटिंग) आधी बघून घ्यायचं.

जोडल्यावर जे दिसेल त्यावरून दोष कळतो. स्क्रीन पांढरी पेटली पण चित्र नाही: बॅकलाइट ठीक, डेटा किंवा ३.३ व्होल्ट पोहोचत नाहीत. चित्र आहे पण टॉर्च मारल्याशिवाय दिसत नाही: बॅकलाइटचा एनेबल (चालू करण्याचा) किंवा डिमिंगचा (उजेड कमी-जास्त करण्याचा) सिग्नल तुटलाय. उभ्या फाकी पडलेलं किंवा दुहेरी चित्र: बोर्डावर एलव्हीडीएसच्या सिंगल-ड्युअल चॅनेलची निवड चुकलीय. चेहऱ्यांवर रंगांचे पट्टे, फोटोच्या निगेटिव्हसारखं काहीतरी: रंगांच्या ६ बिट आणि ८ बिट सेटिंगची गल्लत. यातलं काहीही पॅनेल खराब असल्याची खूण नाही, तेव्हा घाईने टाकून देऊ नये. एका ठरावीक जागी वरपासून खालपर्यंत जाणारी बारीक रेघ मात्र काचेच्या कडेला चिकटलेल्या फिल्मचा संपर्क सुटल्याची असते. ती जात नाही. या फिल्म खालच्या कडेला असतात आणि पॅनेल उचलताना नेमका तिथेच अंगठा पडतो. पकडायचं ते बाजूच्या कडांनी.

आता बॅटरी. जाडजूड, काढता येणाऱ्या बॅटरीत बहुधा सहा १८६५० सेल असतात: दोन-दोन समांतर, अशा तीन जोड्या एकापुढे एक. वर १०.८ किंवा ११.१ व्होल्ट छापलेलं असतं. बॅटरी चार्ज होत नाही तेव्हा पुष्कळदा एकच जोडी खाली गेलेली असते आणि तिच्यामुळे कंट्रोल बोर्ड सगळंच बंद करून बसतो. उरलेले चार सेल ठणठणीत असतात. डबी सांध्यावर प्लॅस्टिकच्या पट्टीने उकलायची, स्क्रू ड्रायव्हर खुपसायचा नाही. सेलचा सगळा पत्रा हा ऋण टोक असतो आणि वरच्या बाजूला तो धन टोकाला जेमतेम एक-दोन मिलिमीटर सोडून संपतो. तिथलं वेष्टन फाटलं असेल तर कागदी वॉशर आणि नवं वेष्टन घातल्याशिवाय तो सेल वापरायचा नाही. निकेलच्या पट्ट्या एकेक करून कापायच्या, दोन पट्ट्यांवर कात्री एकदम पडता कामा नये.

सुटे सेल मोजल्यावर ३ व्होल्टच्या वर असलेले थेट चार्जला जातात. २.५ ते ३ मधले आधी १०० मिलिअँपिअरने ३ पर्यंत वर आणायचे. २ व्होल्टच्या खाली गेलेले मी टाकतो, ते चार्ज घेताना दिसले तरीही. इतक्या खाली सेलमधला तांब्याचा पत्रा विरघळू लागतो आणि पुढे चार्ज करताना तेच तांबं नको तिथे साचून आतून शॉर्ट होऊ शकतो. १ अँपिअरच्या चार्जवर हाताला गरम लागणारा सेलही बाद. बाकीचे ४.२ व्होल्टला भरून दोन आठवडे तसेच ठेवायचे. चांगला सेल ४.१५ च्या आसपास राहतो, ४.१ च्या खाली उतरलेला आतून गळतोय. ही वाट बघण्याची पायरी बरेच जण गाळतात आणि मग दोन महिन्यांनी पॅक का बसला म्हणून डोकं खाजवतात. शेवटी ५०० मिलिअँपिअरने ३ व्होल्टपर्यंत उतरवून क्षमता मोजायची. २६०० मिलिअँपिअर-तासांचा (mAh) सेल २००० च्या वर भरला तर पॅकमध्ये, १५०० च्या आसपास भरला तर एकट्याने चालणाऱ्या टॉर्चमध्ये.

समांतर जोडण्याआधी सगळे सेल एकमेकांच्या ०.०५ व्होल्टच्या आत आणायचे. एका सेलचा आतला रोध ५० मिलिओहम धरला तर दोन सेलमध्ये अर्ध्या व्होल्टचा फरकही क्षणभर ५ अँपिअर वाहवतो. चार्जिंगला टीपी४०५६ (लिथियम सेल चार्ज करणारी चिप) चा प्रोटेक्शनवाला बोर्ड घेतो, आउटपुटचे दोन वेगळे पॅड असलेला. त्यावर १.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो, म्हणजे १ अँपिअर चार्ज. दोन-तीन जुन्या सेलसाठी तो काढून २ किलोओहमचा लावला की करंट ६०० मिलिअँपिअरच्या आत येतो. जोडणी स्पॉट वेल्डिंगने, ०.१५ मिलिमीटरच्या निकेल पट्टीने. सेलवर थेट सोल्डर केलं की उष्णता आतल्या सेपरेटरपर्यंत (धन-ऋण थर वेगळे ठेवणारा पातळ पडदा) जाते.

पातळ लॅपटॉप आणि टॅब्लेटमधले चपटे पाऊच सेल मात्र मी पुन्हा वापरत नाही. आकार कशात बसत नाही, अंगावर पत्रा नाही, आणि फुगायला लागले की थांबत नाहीत. फुगलेला पाऊच काढताना धातूचं काही लावायचं नाही. कडेने थोडं अल्कोहोल सोडून गोंद मऊ होऊ द्यायचा आणि प्लॅस्टिक कार्डाने सावकाश उचलायचा. तो टोचायचा नाही, कचऱ्यात टाकायचा नाही. कोरड्या वाळूत ठेवून ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यायचा.

टॅब्लेटचं पॅनेलही काढण्यात अर्थ नसतो. ते बहुधा एमआयपीआय डीएसआय (मोबाइल-टॅब्लेटमधली डिस्प्लेची जोडणी) असतं आणि सुरू होण्यासाठी त्या-त्या कंपनीच्या आज्ञांची माळ मागतं, जी बाहेर मिळत नाही. अपवाद आयपॅड ३ आणि ४ चा: ९.७ इंच, २०४८ × १५३६ आणि चक्क ईडीपी. फक्त त्यात बॅकलाइटचा ड्रायव्हर पॅनेलवर नसतो, म्हणून तो ज्यावर आहे असाच ड्रायव्हर बोर्ड घ्यावा लागतो.

म्हणून बॅटरी गेलेला पण बाकी चालणारा टॅब्लेट मी अख्खाच वापरतो, भिंतीवरचं कॅलेंडर किंवा कॅमेऱ्याचा डिस्प्ले म्हणून. बॅटरीच्या डोक्यावर पट्टीएवढा प्रोटेक्शन बोर्ड असतो, तो टाकायचा नाही. सेलचे दोन टॅब एका वेळी एक असे कापायचे आणि त्या जागी बोर्डाला ४ व्होल्ट द्यायचे. तापमानाचा सेन्सर आणि बॅटरीची ओळख त्या बोर्डामुळे जागेवर राहते. ते नसेल तर बरेच टॅब्लेट सुरूच होत नाहीत. ४ व्होल्टसाठी १२ व्होल्टचा अडॅप्टर आणि ३ अँपिअरचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं सर्किट). आधी मीटरवर ४.० ठरवायचे, मगच जोडायचं. टॅब्लेटच्या अगदी जवळ २२०० मायक्रोफॅरड, १० व्होल्टचा कपॅसिटर लावायचा आणि तारा जाड, आखूड ठेवायच्या. लोगो दिसून पुन्हा बंद होत असेल तर दोष याच तारांचा असतो: सुरू होताना करंट एकदम चढतो, पातळ तारेत व्होल्टेज पडतो आणि टॅब्लेटला बॅटरी संपल्यासारखं वाटतं. पहिल्यांदा काहीच झालं नाही तर चार्जर क्षणभर लावायचा, म्हणजे प्रोटेक्शन बोर्ड जागा होतो. मग लगेच काढायचा. चार्जर तसाच राहिला तर तो बक कन्व्हर्टरलाच बॅटरी समजून चार्ज करायला बघतो.

उरलेलं पटापट. वेबकॅम बहुधा साधा यूएसबीच असतो, पण पुष्कळ कॅमेरे ३.३ व्होल्टवर चालतात, तेव्हा मधे रेग्युलेटर हवा. डेटाच्या दोन तारा उलट झाल्या तर कॅमेरा ओळखला जात नाही, एवढंच. एम.२ एसएसडीची (पट्टीच्या आकाराची डिस्क) खाच बघूनच तिची यूएसबी केस घ्यायची, कारण जोडणीचे दोन प्रकार असतात: दोन खाचा असल्या तर बहुधा साटा, एकच एम खाच असली तर बहुधा एनव्हीएमई. स्पीकर पीएएम८४०३ या छोट्या अँप्लिफायरवर छान वाजतात, फक्त त्याची ऋण आउटपुट ग्राउंडला जोडायची नाही, दोन्ही चॅनेलच्या एकत्रही करायच्या नाहीत. हीटपाइप (प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारी नळी) कापून वापरायचा मोह होतो, पण आतली वाफ निघून गेली की ती नुसती तांब्याची नळी. पंखा मात्र बहुधा ५ व्होल्टचा असतो आणि तसा असला तर यूएसबीवर सरळ फिरतो.