घाट बंद, हॉटेल चालू: आगाऊ भरलेल्या पैशांचं काय होतं?

२३ जुलै २०२१ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. दरडींमुळे पोलादपूरकडून येणारा आंबेनळी घाट बंद पडला. अशा वेळी पैसे आधी भरलेले असतील, तर फोनवर हॉटेलचं उत्तर ठरलेलं असतं: 'खोली तयार आहे, वाईवरून पसरणी घाटाने या.' नियमाने त्यांचं चुकत नाही. हॉटेल खोली द्यायला तयार असेल, तर बुकिंग रद्द करणारे तुम्ही ठरता. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने हॉटेलच बंद झालं, किंवा वर जायचे सगळेच रस्ते बंद झाले, तर पूर्ण पैसे मागायला जोर येतो. सांगलीकरांची अडचण आणखी अवघड. ऑगस्ट २०१९ सारखी कृष्णा चढली, तर ऊन पडलेल्या पाचगणीतलं हॉटेल त्याला तुमची घरगुती अडचणच समजतं. तिथे परताव्यावर अडून बसण्यापेक्षा तारीख बदलून मागा.

खरा निर्णय बुकिंगच्या वेळीच होतो. समजा दोन रात्रींचे कर धरून ८,४०० रुपये होतात आणि 'नॉन-रिफंडेबल' घेतलं तर ८०० वाचतात. दहातला एक बेत जरी मोडला, तरी हा सौदा तोट्याचा. जुलै-ऑगस्टमध्ये तर तो घेऊच नये. 'फ्री कॅन्सलेशन' असेल, तर चेक-इनच्या किती आधीपर्यंतची मुदत आहे ते बघा. हवामान खात्याचा जिल्हावार इशारा साधारण पाच दिवस आधीपासून दिसतो. त्यामुळे २४ किंवा ४८ तासांची मुदत उपयोगी पडते. सात दिवसांची मुदत पावसाळ्यात कागदावरच राहते. शिवाय ४८ तास कुठून मोजायचे? चेक-इन शनिवारी दुपारी २ ला असेल, तर गुरुवारी दुपारी २ पर्यंत. काही ठिकाणी तारखेवर मोजतात, म्हणून व्हाउचरवरची नेमकी वेळ वाचा.

मग पैसे कुणाकडे आहेत ते पाहा. बुकिंग पोर्टलने घेतले असतील, तर हॉटेल पोर्टलकडे बोट दाखवतं आणि पोर्टल हॉटेलकडे. यातून सुटायचा क्रम असा: आधी हॉटेलला ईमेल करून 'शुल्क न लावता रद्द करायला आमची हरकत नाही' असं लेखी घ्या. सोबत रस्ता बंद असल्याच्या आदेशाची तारखेसह प्रत जोडा. ते उत्तर पोर्टलच्या कस्टमर केअरला पाठवून रद्द करायला त्यांनाच सांगा. तोवर ॲपमधलं 'कॅन्सल' बटण दाबू नका. ते दाबलं की सिस्टिम छापील नियमाने पैसे कापते, आणि कापलेली रक्कम परत मागणं फार जिकिरीचं असतं. मात्र मुदत संपत आली असेल, तर लेखी उत्तराची वाट न बघता मुदतीत रद्द करून मोकळं व्हा. न कळवता गैरहजर राहणं सगळ्यात महाग: 'नो-शो'त बहुधा सगळी रक्कम जाते आणि पुढच्या रात्रीही रद्द होतात.

होमस्टेच्या मालकाला थेट यूपीआयने पैसे पाठवताना रद्द केल्यास किती परत, ते व्हॉट्सॲपवर आधी लिहून घ्या. तोंडी बोलणं नंतर कुणाला आठवत नाही.

परताव्याऐवजी पुढच्या मुक्कामात वापरायची क्रेडिट नोट देत असतील, तर तिची वैधता आणि वगळलेल्या तारखा विचारा. मे, दिवाळी आणि नाताळ वगळलेली नोट बऱ्याच घरांना निरुपयोगी. तारीख बदलतानाही नवा दर लागू शकतो, म्हणून फरक आधी ठरवून घ्या. एका रात्रीचे पैसे कापले, तर त्या रकमेवर जीएसटी लागणं रीतसर आहे. उरलेल्या रकमेवरचा जीएसटी मात्र परत यायला हवा. पोर्टलची कन्व्हिनियन्स फी सहसा येत नाही.

'रिफंड केला' असं सांगितलं की व्यवहाराचा संदर्भ क्रमांक मागा. कार्डाला एआरएन, यूपीआयला आरआरएन. त्यावरून बँक पैसे कुठे अडकले ते शोधते. दाद लागलीच नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही जाता येतं. हॉटेल महाबळेश्वरचं आणि पोर्टल गुरुग्रामचं असलं, तरी सांगलीकराने सांगलीतच अर्ज करावा.