ॲडॅलिमुमॅबच्या पहिल्या सुईआधी

आमवातासाठी ॲडॅलिमुमॅब, म्हणजे टीएनएफ अडवणारं इंजेक्शन, घ्यायचं ठरल्यापासून पहिली सुई टोचेपर्यंत पाच आठवडे गेले. अडलं होतं टीबीपाशी.

टीएनएफ हा सायटोकाइन, म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेला सांगावा. आमवातात तो थांबतच नाही. सांध्याचं अस्तर सुजून जाड होतं आणि पुढे हाड कुरतडलं जातं. पण सुप्त टीबीच्या, म्हणजे अंगात असूनही आजार न करणाऱ्या जंतूंभोवतीचं पेशींचं कडं टिकतं तेही याच टीएनएफमुळे. औषधाने तो अडवला की कडं सैल पडतं आणि टीबी जागा होऊ शकतो. म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि इग्रा, म्हणजे टीबीची लागण शोधणारी रक्तचाचणी. जोडीला हेपटायटिस बी-सी आणि एचआयव्हीच्या चाचण्या.

माझी इग्रा पॉझिटिव्ह आली. आपल्याकडे त्यात नवल नाही. एक्स-रे स्वच्छ, ताप-खोकला नाही, तेव्हा सुप्त टीबी. रोज आयसोनियाझिड ३०० मिग्रॅ, हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून जोडीला बी-६. महिनाभर गोळ्या झाल्यावर इंजेक्शन सुरू झालं, गोळ्या मात्र सहा महिने पुऱ्या केल्या. सुई सुरू झाली की गोळ्या सोडणारे असतात. तसं अजिबात करू नका. आमवातासाठी आठवड्यातून एकदाची मेथोट्रेक्सेटची गोळीही चालूच होती, तिने ॲडॅलिमुमॅबविरुद्ध प्रतिपिंडं कमी बनतात. आयसोनियाझिड आणि मेथोट्रेक्सेट दोन्ही यकृतावर येतात, त्यामुळे एसजीपीटी ही यकृताची रक्तचाचणी वेळच्या वेळी करायची.

डोस दर दोन आठवड्यांनी ४० मिग्रॅ. सिरिंज २ ते ८ अंशांत, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. दारात नको, मागच्या भिंतीला चिकटून तर नकोच. एकदा गोठलेली सिरिंज वितळली तरी फेकायची, किंमत आठवून कितीही जिवावर आलं तरी. टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवायची, कारण गार औषध फार झोंबतं. गरम पाण्यात बुडवायची नाही. बेंबीपासून दोन इंच सोडून पोटावर किंवा मांडीवर, कातडी चिमटीत धरून, दर वेळी जागा बदलून. नंतर चोळायचं नाही. अंगात ताप असेल तर त्या दिवशी सुई नाही, आधी डॉक्टरांना फोन.

गुण आला की नाही हे साधारण बारा आठवड्यांनी ठरवतात. नाहीच आला तर टोसिलिझुमॅबसारखं, आयएल-६ हा दुसरा सायटोकाइन अडवणारं औषध सुचवलं जातं. तिथे एक मेख आहे. सीआरपी ही रक्तातली सूज-संसर्गाची खूण. यकृत ती बनवतं ते मुख्यतः आयएल-६ च्या हुकमावर, त्यामुळे या औषधावर न्यूमोनिया झाला तरी सीआरपी नॉर्मल दिसू शकतो. अनोळखी दवाखान्यात गेलात तर रिपोर्ट पुढे करण्याआधी औषधाचं नाव सांगा.