सेकंडहँड वॅगन-आर घेतली आणि बँकेच्या एनओसीने घाम काढला

गाडीचं कर्ज फिटलं की बँक एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, देते. त्या पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते, की हे पत्र दिल्या तारखेपासून तीन महिनेच ग्राह्य. ती ओळ कुणी वाचत नाही. माणूस सुटकेचा श्वास टाकतो, पत्र फाइलला लावतो आणि आरटीओत जाऊन आरसीवरचा बोजा, म्हणजे बँकेच्या कर्जाची नोंद, उतरवायचं राहून जातं. गाडी चालत असते, काही अडत नाही. अडतं ते पुढे ती गाडी विकत घेणाऱ्याचं, म्हणजे माझं.

बाकीचं थोडक्यात उरकते, कारण बाकीचं खरंच सोपं होतं. घरात चार माणसं, त्यातल्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून बसायला उंच अशी वॅगन-आरच हवी होती. २०१८ची पेट्रोल, पहिलाच मालक, मीटरवर बेचाळीस हजार. डीलरकडे उभी होती. मीटरवर माझा विश्वास नसतो, म्हणून आधी टायर पाहिले. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २३१८ असेल तर तो टायर २०१८च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालाय. चारही टायर आणि स्टेपनी त्याच सुमाराची निघाली, म्हणजे मीटर बहुधा खरं बोलत होतं. आणि सात वर्षांचं रबर झाल्यामुळे टायरच्या नावाने किंमतही उतरवता आली. इंजिन मात्र थंड असतानाच सुरू करून पाहायचं. आपण पोचायच्या आधीच बॉनेट गरम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जावं.

चालू विमा पॉलिसीही मागून घ्या. तिच्यावर एनसीबीचा, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा, टक्का असतो. इतक्या वर्षांच्या गाडीला तो शून्य दिसला, तर मागच्या वर्षी क्लेम घेतलेला असू शकतो, आणि कशाचा हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आमच्या गाडीला पन्नास टक्के होता. तो आपल्याला मिळत नाही हं, तो जुन्या मालकाचा, त्याच्याबरोबर जातो. डीलर 'पन्नास टक्के एनसीबीसकट गाडी' असं काहीतरी गोड बोलतात, ते सोडून द्या.

व्यवहार ठरताना दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे डीलर शेठनी ठरलेल्या किमतीवर अठरा टक्के जीएसटी लावून आकडा सांगितला. जुन्या गाड्यांवर जानेवारी २०२५पासून सरसकट अठरा टक्के आहे हे खरं, पण तो डीलरच्या नफ्यावर, म्हणजे त्याने घेतली ती किंमत आणि विकली ती किंमत यांतल्या फरकावर. पूर्ण किमतीवर नाही. हे म्हटल्यावर शेठनी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहून बोलले. तोपर्यंत सगळं माझ्या नवऱ्याकडे पाहून चाललं होतं, आणि नवऱ्याला क्लच आणि ब्रेक यापलीकडे गाडीतलं काही कळत नाही.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की आरसीची माहिती दिसते: विमा कधीपर्यंत, पीयूसी कधीपर्यंत, आणि कर्ज असेल तर फायनान्स कुणाचा. तिथे एका बँकेचं नाव दिसत होतं. मी विचारलं तर शेठ म्हणाले, "ताई, लोन कधीच क्लिअर आहे. ही बघा एनओसी, हा फॉर्म पस्तीस. ट्रान्स्फरबरोबरच बोजा उतरतो, टेन्शन घेऊ नका." फॉर्म पस्तीस म्हणजे कर्ज फिटल्याचं आरटीओला कळवायचा फॉर्म. एनओसी २०२३ची होती. टेन्शन मी घेतलं नाही, पण पंचवीस हजार रुपये राखून ठेवले. पावतीवर लिहून घेतलं की ही रक्कम बोजा उतरून आरसी माझ्या नावावर झाल्यावर देय. शेठ कुरकुरले, "असं कोणी करत नाही." पण महिनाअखेर होती आणि गाडी पावसाळाभर तिथेच पडून होती, त्यामुळे सही केली.

आधीच सांगते, पुढच्या सगळ्या प्रकरणात त्या दुकानातून माझा फोन उचलला गेला तो त्या पंचवीस हजारांमुळे. माझ्याच आठवड्यात तिथून गाडी घेतलेल्या एका भल्या माणसाने सगळे पैसे एकरकमी दिले होते. तो मला दुकानाच्या पायरीवर वारंवार भेटायचा.

आता मूळ दुखणं. गाडी घरी आली आणि एजंट दादांनी कागद आरटीओत नेले. परत आले ते हात हलवत. एनओसीची मुदत संपलेली, नवी आणा. दुकानातल्या कागदपत्रं बघणाऱ्या मुलाने मला हे अशा सुरात सांगितलं, की जणू मी गेलं की बँक ती काउंटरवरून काढून देणार. बँकेत गेले. बँक म्हणाली, कर्ज ज्यांचं होतं त्यांनीच अर्ज करायचा, तुम्ही कोण? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाडी माझ्या दारात, किल्ली माझ्या पर्समध्ये, विम्याचा हप्ता मी भरणार, पण कागदावर मी कुणीच नव्हते.

म्हणजे जुन्या मालकांना गाठायला हवं. डीलर त्यांचा नंबर देईना. "पार्टीचा नंबर आम्ही देत नाही, आम्ही बोलतो त्यांच्याशी." हे 'आम्ही बोलतो' बरेच दिवस चाललं. कधी पार्टी फोन उचलत नाही, कधी पार्टी गावी गेलीय. खरं कारण पुढे कळलं: दुकानाकडे असलेला नंबर बंद होता आणि दुसरा शोधायची तसदी कुणी घेतली नव्हती. मला नंबर मिळाला ग्लोव्ह बॉक्समधल्या सर्व्हिस बुकमध्ये. वर्कशॉपच्या एका जुन्या बिलावर दोन मोबाइल होते, त्यातला दुसरा लागला. म्हणून सर्व्हिस बुक आणि जुनी बिलं गाडीबरोबर मागून घ्याच. किलोमीटर ताडून पाहायला तर ती लागतातच.

फोनवर काका होते. निवृत्त झालेले, आता छत्रपती संभाजीनगरला मुलीकडे राहणारे, अतिशय सज्जन. पण त्यांच्या दृष्टीने विषय केव्हाच संपला होता. "अहो ताई, मी तर डीलरला सगळ्या सह्या करून दिल्या, अजून काय?" त्यांचं बरोबरच होतं. मग मी त्यांना सांगितलं, की गाडी अजून तुमच्याच नावावर आहे. नोंदणी ज्याच्या नावावर तोच कायद्याने मालक, आणि अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, मधे गाडी कितीही हात बदलून गेली असली तरी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच म्हटलंय. काका एक मिनिट गप्प झाले आणि म्हणाले, जावयाशी बोलतो. त्या संध्याकाळी जावयांचाच फोन आला आणि तिथून काम खऱ्या अर्थाने सुरू झालं. काकांना घाबरवलं याचं वाईट वाटतं, पण खोटं काहीच सांगितलं नव्हतं.

खरं तर त्यांना ही भीती वाटायचं कारणच पडायला नको. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या डीलरांसाठी केंद्राचा नियम आहे. डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं, मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म २९सी ऑनलाइन भरायचा, आणि मग गाडी विकली जाईपर्यंत डीलरच मालक मानला जातो. आमच्या शेठना ते अधिकारपत्र विचारलं तर त्यांनी भिंतीवरची जीएसटीची फ्रेम दाखवली. मग शॉप अ‍ॅक्टचं लायसन्स दाखवलं. कुणाला जुनी गाडी डीलरला विकायची असेल तर २९सी भरून त्याची प्रत हातात घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका. किमान तारीख आणि वेळ लिहिलेली डिलिव्हरी नोट तरी घ्या. ती मी घेणारी म्हणूनही घेतली होती, कारण त्या वेळेआधीची ई-चलानं माझी नाहीत हे दाखवता यायला हवं.

पुन्हा बँकेकडे येते. काकांनी तिथल्या शाखेत अर्ज दिला. शाखा म्हणाली, कर्ज दुसऱ्या शहरातलं, तिकडच्या कर्ज विभागाला मेल करा. मेल केला तर उत्तर आलं, नोंदणीकृत मोबाइलवरून विनंती करा. नोंदणीकृत मोबाइल म्हणजे तोच बंद पडलेला नंबर. नंबर बदलायला केवायसी, केवायसीला शाखेत प्रत्यक्ष हजेरी. कर्ज संपल्यावर खातंही बंद केलेलं, त्यामुळे शाखेतल्या बाईंना सिस्टीममध्ये काका ग्राहक म्हणून दिसेनात. ज्या माणसाने पाच वर्षं एकही हप्ता चुकवला नाही, त्याला बँकेने आपण ग्राहक होतो हे सिद्ध करायला लावलं. जावई बँकेत जायचे, मी इथून फोन करायचे, आणि दोघांना दोन वेगळी उत्तरं मिळायची. एकदा मला सांगितलं एनओसी निघालीय, पोस्टात टाकलीय. त्याच दिवशी त्यांना सांगितलं अर्ज अपूर्ण आहे. शेवटी जावयांनी बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार पाठवली. त्यात लिहिलं, की तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ. हा मार्ग सगळ्यांना खुला आहे, लोकपालाकडची तक्रार ऑनलाइन होते आणि फुकट असते. त्या मेलनंतर बँकेचा आवाजच बदलला. हे आधी सुचलं असतं तर किती फोन वाचले असते, असं मात्र म्हणणार नाही. आधी पाठवला असता तर 'शाखेत अर्ज दिला का' इथूनच परत सुरुवात झाली असती.

नवी एनओसी आली. दुकानातला मुलगा ती हातातून घेऊन निघालाच होता. मी म्हटलं, थांब. आरसी काढून चेसिस नंबर एकेक अक्षर वाचला. एका जागी ८ हवा होता तिथे इंग्रजी बी छापला होता. मुलगा म्हणाला, "मॅडम, एवढं कोण बघतं?" आरटीओचा संगणक बघतो, बाळा. एनओसी परत गेली, दुरुस्त होऊन आली. या वेळी फॉर्म ३५च्या दोन्ही प्रतींवर बँकेची सही-शिक्का आहे ना, तेही पाहिलं. तुम्हीही पाहा. चेसिस नंबर, इंजिन नंबर, गाडीचा नंबर, मालकाचं नाव आरसीवर आहे तस्सं. आडनाव आधी की नाव आधी, यावरूनसुद्धा कागद परत येतात.

या सगळ्या काळात गाडी आम्ही फारशी बाहेर काढली नाही. विमा काकांच्या नावावर होता. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण आपल्या गाडीचं नुकसान झालं तर पॉलिसी जुन्या नावावर असताना कंपनी क्लेम नाकारू शकते. कायद्यात खरेदीनंतर चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवायचं म्हटलंय. ते मी फॉर्म २९ आणि ३०च्या, म्हणजे नावबदलाच्या फॉर्मच्या, प्रती जोडून कळवलं आणि पोच जपून ठेवली. नवी कोरी गाडी दारात येऊन दिवाळीला आम्ही रिक्षाने गेलो, हे सासूबाई अजून पाहुण्यांना सांगतात. नवी कोरी नाही हे कितीदा सांगितलं तरी.

आरटीओबद्दल लिहायला काही नाही. ज्या दिवशी कागद पूर्ण होते त्या दिवशी अर्ज लागला आणि यथावकाश आरसी पोस्टाने घरी आली. फायनान्सच्या रकान्यात काही नाही, नाव माझं. नावबदलाची सरकारी फी मोटारीला ३०० रुपये, स्मार्ट कार्डाचे २०० वेगळे. शेठनी 'आरटीओ खर्च' म्हणून साडेसहा हजार लावले होते. राखून ठेवलेल्या पंचवीस हजारांचा हिशेब करायला मी बसले तेव्हा या खर्चाच्या पावत्या मागितल्या. पावत्या निघाल्या तेवढे आणि एजंट दादांची मजुरी, खर्चापोटी एवढंच दिलं.

राहिलंच, नंबर प्लेट. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे सरकारमान्य सुरक्षित नंबर प्लेट, बसवावी लागते, नाहीतर नावबदलासारखी कामं आरटीओ अडवतं. मोटारीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. ती डीलरकडूनच बसवून घ्या, गाडी ताब्यात घ्यायच्या आधी.

आणि काचेवरचा फास्टॅग त्याच दिवशी खरवडून काढा. आमच्याकडून तो तसाच राहिला आणि खालापूरच्या टोलचे पैसे काकांच्या खात्यातून गेले. त्यांचा फोन आला तेव्हा मला वाटलं पुन्हा बँकेचं काहीतरी. मी त्यांना लगेच पैसे पाठवले, जावयांनी टॅग बंद करून टाकला आणि माझ्या बँकेचा नवा टॅग आता काचेवर आहे.