नांदूर मध्यमेश्वर: चार बोटं पाण्याचा हिशेब

नाशिकहून निफाडमार्गे चापडगाव, नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याच्या काठचं गाव. रस्ता द्राक्षबागांचा आणि उसाच्या ट्रॅक्टरांचा, त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. उजाडताना निरीक्षण मनोऱ्यावर चढलो तेव्हा समोर चिखलाचं लांबट बेट उघडं पडलं होतं आणि पक्ष्यांनी ते अक्षरशः गजबजलं होतं. नऊच्या सुमारास ते बेट पाण्याखाली होतं.

वरून आवर्तन सुटलं होतं, म्हणजे शेतीसाठी धरणातून पाळीचं पाणी सोडलं होतं. फार नाही, चार बोटं पाणी चढलं असेल. पण त्या चार बोटांत कोण कधी उठतं ते नीट बघता आलं. आधी कंठेरी चिखल्या गेले, कारण त्यांना नुसता ओला चिखल लागतो. मग तुतवार. शेकाट्यांचे पाय लांब, ते पोटाला पाणी लागेपर्यंत थांबले. थापट्या बदकं मात्र तरंगत चोचीने पाणी गाळत राहिली, त्यांचं काहीच अडलं नाही.

गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा इथला बंधारा शंभर वर्षांहून जुना. मागे गाळ साचत गेला, बेटं तयार झाली, पाणी उथळ झालं आणि म्हणून पक्षी आले. 2020 साली हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. त्यामुळे 'सगळा गाळ काढा' ही मागणी ऐकली की जीव खालीवर होतो. पोकलेनने खोदलं की काठ उभा कापला जातो आणि चिखल्यांना पाय टेकायला जागा उरत नाही. गाळ काढायचाच तर कालव्याच्या तोंडाशी आणि मुख्य प्रवाहात काढावा. बेटांचा हलका उतार तसाच राहू द्यावा.

जलपर्णीचं उलट आहे, ती काढायलाच हवी. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर ती पोसते आणि दोनेक आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. काढायची ती मुळासकट, कारण तुटलेल्या धुमाऱ्यापासून नवं रोप उभं राहतं. काढलेला ढीग पूररेषेच्या वर न्यावा. काठावर टाकलात तर पहिल्याच पुरात तो परत पाण्यात. तणनाशक मुळीच नको. मेलेला थर पाण्यात सडतो, प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. बियाही चिखलात वर्षानुवर्षं जिवंत राहतात, त्यामुळे एकदा काढून भागत नाही. वेळही जपावी लागते. पावसाळ्यात कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या पाणवनस्पतींवर घरटी करतात, हिवाळ्यात पाहुणे पक्षी असतात. मार्च ते मे त्यातल्या त्यात बरा.

सर्वात संताप आला तो टाळ्यांचा. फोटोत उडता थवा हवा म्हणून काठावरून टाळ्या वाजवत होते लोक, लहान मुलांनाही वाजवायला लावत होते. हजारो किलोमीटर उडून आलेल्या बदकाला इथे खाऊन पुन्हा परतीची चरबी साठवायची असते. प्रत्येक उड्डाणात त्यातली थोडी जळते. मुलांना दुर्बीण द्या, मनोऱ्यावर बसवा, अर्धा तास गप्प राहा. आणि निघण्याआधी आवर्तन चालू आहे का ते गावात फोन करून विचारा.

दुपारी पाणी जरा उतरलं. बेटाची पाठ दिसू लागली, जेमतेम चटईएवढी. तिच्यावर पहिला उतरला तो चिखल्याच.