आमची वाटचाल : हत्ती-गव्यांची वैरण

प्राणिसंग्रहालयांना वैरण पुरवण्याचा आमचा धंदा सहा एकर फुले जयवंत नेपियर (हिरव्या चाऱ्याच्या गवताचा एक वाण) आणि एका कडबाकुट्टीवर उभा राहिला. बरी गेलेली वर्षं सांगण्यासारखी नाहीत : पहाटे कापणी, सातला काटा, नऊला गाडी पोच.

सांगायचं आहे ते एका प्राणिसंग्रहालयाच्या निविदेचं. आमचा दर होता किलोला 4 रुपये. दुसऱ्या पुरवठादाराने 3 रुपये 60 पैसे भरले आणि काम त्याला गेलं. कापलेल्या पेंढ्यांवर तो पाइपाने पाणी मारायचा. गाडी काट्यावर चढताना खालून धार लागलेली असे. निविदेत फक्त 'हिरवा चारा, किलो' एवढंच.

हिशेब मांडून पाहा. तीन टनांच्या हत्तीला रोज वजनाच्या साधारण दीड टक्का, म्हणजे 45 किलो शुष्क पदार्थ (चाऱ्यातलं पाणी वगळून उरतो तो भाग) लागतो. सगळा नेपियरमधूनच द्यायचा म्हटलं आणि त्यात 20 टक्के शुष्क पदार्थ धरला, तर 225 किलो चारा झाला. पाणी मारून तो 17 टक्क्यांवर आणला की तेवढ्याच चाऱ्यात 38 किलो उरतो. रोज सात किलोंची तूट. हत्ती खाल्लेल्यातलं निम्म्याहून कमी पचवतो, त्याला ही तूट परवडत नाही. आणि पैशांत पाहिलं, तर शुष्क पदार्थाचा किलो आमचा 20 रुपयांना पडत होता, त्याचा 21 रुपयांच्या वर. महाग माल स्वस्त म्हणून घेतला गेला, हे आजही सलतं.

तपासणी काही अवघड नाही. चाऱ्याच्या वेगवेगळ्या पेंढ्यांतून मूठ-मूठ काढून बारीक करा, त्यातला 100 ग्रॅम मायक्रोवेव्हमध्ये ठेवा. कोपऱ्यात पाण्याचा पेला ठेवायला विसरू नका, नाहीतर चारा करपतो. मिनिट-मिनिटाने तोला. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की तोच शुष्क पदार्थ.

काम गेलं तेव्हा नेपियर शेतात उभं होतं. पहिली कापणी सोडली तर ते 40-45 दिवसांनी कापावं लागतं. आमचं 90 दिवसांवर गेलं, दांडे काठीसारखे झाले, प्रथिनं उतरली. गोठेवाल्यांनीही फिरवून पाठवलं. बँकेचा हप्ता थकला. भागीदार मामांनी बैलजोडी विकली म्हणून कडबाकुट्टी वाचली.

ते यंत्र मामांनीच लावलेलं. पाती बोथट झाली की चारा कापला न जाता चेचला जातो आणि ढिगात लवकर तापतो, म्हणून ते रोज संध्याकाळी पाती काढून धार लावत. तोंडाशी त्यांनी जाड लोहचुंबक बसवला. कडब्याच्या पेंडीतून तारेचा तुकडा गेला तर तो गव्याच्या पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात अडकतो आणि तिथून छाती-पोटामधला पडदा भेदून हृदयापर्यंत पोचू शकतो. गव्याची कुट्टी आम्ही दोन-तीन सेंटिमीटरची ठेवतो. त्याहून बारीक केली की रवंथ कमी होतो, लाळ कमी सुटते, पोट आंबतं. हत्तीला मात्र अख्खे दांडे. सोंडेने सोलत, आपटत खाण्यात त्याचा दिवस जातो.

आम्हाला पुन्हा उभं केलं दुसऱ्या एका प्राणिसंग्रहालयातल्या जुन्या कीपरकाकांनी. गाडी आली की ते कोपरापर्यंत हात ढिगात घालत. आत ऊब लागली की, "शेठ, हे परत न्या." मग एक दांडा मोडून वास घेत. आमची गाडी त्यांनी दोनदा परत पाठवली, आणि पुढच्या वर्षी आमच्यासाठी शब्दही त्यांनीच टाकला.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना विचारल्याशिवाय सांगतो. ज्वारीचा चारा फुलोऱ्याआधी कापू नका, कापणीनंतरचे कोवळे फुटवे तर नकोच. त्यात सायनाइडचं विष असतं आणि गवा, नीलगाय, सांबर अशा रवंथ करणाऱ्यांच्या पोटात ते झपाट्याने सुटतं. नेपियरवरून मक्यावर जायचं तर दहा दिवस घ्या, रोज थोडं-थोडं बदला. एकट्या नेपियरवर महिनोन्‌महिने ठेवू नका. त्यातला ऑक्झलेट नावाचा घटक कॅल्शियम धरून ठेवतो, ते जनावराला मिळत नाही; जोडीला थोडा लसूणघास आणि वड-उंबराचा पाला हवा. पण लसूणघास उपाशी पोटी भरपूर दिला तर गवा फुगतो. पावसाळ्यात कडब्याला बुरशीचा वास आला तर पेंडी फेकून द्या, उन्हात वाळवून चालवू नका.

त्या पहिल्या प्राणिसंग्रहालयाच्या निविदेत अजूनही 'किलो' एवढंच आहे. आम्ही दरवर्षी दर भरतो आणि सोबत शुष्क पदार्थाच्या हिशेबाचं पान जोडतो.