दोन्हीकडचे बाण

आमच्या विज्ञानाच्या बाईंना एकेरी बाणाचा राग होता. पुस्तकातल्या आकृतीत एक पेशी, तिच्याभोवती पाणी आणि बाहेरून आत घुसणारा एकच ठसठशीत बाण असायचा, खाली लिहिलेलं 'परासरण'. बाई तीच आकृती फळ्यावर काढायच्या आणि त्या बाणाशेजारी उलट्या दिशेचा दुसरा, बारीक बाण काढून विचारायच्या, "हा कुणी खाल्ला?"

पाण्याच्या रेणूला कुठेच जायचं नसतं, तो नुसता अंदाधुंद आपटत असतो, हे त्यांनी आमच्या डोक्यात भरवलं. पटलाच्या एका बाजूला मीठ-साखर विरघळलेली असली, की त्या बाजूने पलीकडे निसटणारे पाण्याचे रेणू कमी पडतात. दुसऱ्या बाजूने येणारे तेवढेच राहतात. जमाखर्चात जो फरक उरतो त्याला आपण परासरण म्हणतो. 'समपरासारी द्रावणात (म्हणजे पेशीतल्या रसाइतक्याच दाट द्रावणात) पाण्याची हालचाल थांबते' असं लिहिणाऱ्याचा अर्धा गुण जायचा. "थांबत नाही रे, फिटंफाट होते," असं म्हणत त्या पेपर परत करायच्या.

अंड्याचा प्रयोग सगळ्याच शाळांत होतो. आमच्याकडे तो माडाच्या सुरेच्या व्हिनेगरात झाला, शेजारच्या एका ख्रिस्ती घरातून आणलेल्या. दोन दिवस प्रयोगशाळेला सोरपोतेलचा, म्हणजे व्हिनेगर घातलेल्या डुकराच्या मटणाचा वास येत होता आणि मधल्या सुट्टीआधीच सगळ्यांना भूक लागायची. कवच विरघळलेलं अंडं पाण्यात टम्म फुगलं आणि गुळाच्या दाट पाकात सुरकुतलं. अंड्याचा तो पापुद्रा म्हणजे पेशीचं पटल नव्हे, हेही बाईंनी त्याच तासाला सांगून टाकलं.

माझ्या लक्षात मात्र खाजन राहिलं, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेलं आमच्याकडचं शेत. एका पावसाळ्यात बांधाला भगदाड पडून भरतीचं पाणी शेतात शिरलं. ओसरल्यावर बाई आम्हाला रांगेने बांधावर घेऊन गेल्या. भात घोट्याएवढ्या पाण्यात उभं होतं आणि पिवळं पडून सुकत होतं. "पाण्यात राहून तहानेनं कसं मेलं?" त्यांनी विचारलं. मातीतलं पाणी मुळांच्या पेशींतल्या रसापेक्षा खारट झालं, की बारीक बाण जाड होतो आणि जाड बाण बारीक. शिवाय क्षार पेशींत शिरून वेगळंच नुकसान करतो. आपला कोरगुट भात खारटपणा बऱ्यापैकी सोसतो, म्हणून तर जुन्या लोकांनी खाजनात तो लावला. तरी तोही आधी पावसाने जमीन धुऊन निघण्याची वाट बघतो, मगच पेरतात. हे सगळं आम्हाला घरी ठाऊक होतं, पण ते विज्ञानाच्या पेपरात लिहिता येतं हे ठाऊक नव्हतं.

आता माझं काम. मी डायलिसिस तंत्रज्ञ आहे. यंत्राला जोडलेल्या नळकांड्यात हजारो पोकळ तंतू असतात, प्रत्येक साधारण 0.2 मिलिमीटर रुंदीचा. तंतूच्या आतून रक्त जातं आणि बाहेरून उलट दिशेने द्रावण वाहतं. युरिया आणि क्रिएटिनिन ही टाकाऊ द्रव्यं आणि जादा पोटॅशियम रक्तातून द्रावणात उतरतात, कारण तिकडे ते नाहीत किंवा कमी आहेत. बायकार्बोनेट द्रावणातून रक्तात येतं. सोडियम दोन्हीकडे जवळपास सारखं ठेवलेलं असतं, म्हणजे ते सारखं ये-जा करतं आणि हिशेब शून्याच्या आसपास राहतो. रक्तपेशी आणि प्रथिनं मोठी, ती आतच राहतात. अंगात साठलेलं पाणी काढायचं ते मात्र दाबाच्या फरकाने. तंतू इतके बारीक का, याचंही उत्तर विसरणात, म्हणजे रेणूंच्या आपोआप पसरण्यात आहे. लहान रेणूला पेशीएवढं, म्हणजे 10 मायक्रोमीटर अंतर जायला सेकंदाचा छोटा अंश पुरतो, पण एक सेंटिमीटर जायला अर्धा दिवस लागतो. 1943 मध्ये नेदरलँड्समध्ये, ऐन युद्धात, विलेम कोल्फ या डॉक्टरांनी सॉसेजला वापरतात ती सेलोफेनची नळी घेऊन असंच डायलिसिस केलं होतं.

मिनिटाला अर्धा लिटर द्रावण, चार तास: 120 लिटर. रुग्ण घाबरून विचारतात, एवढं पाणी माझ्या अंगात जाणार? एक म्हातारी बाय दर वेळी खात्री करून घेते, "म्हजेंच रगत परत दितात न्ही गो?" द्रावणातलं मीठ चुकून फारच कमी पडलं तर तांबड्या पेशी फुगून फुटतात, म्हणून यंत्र त्याची विद्युतवाहकता सतत मोजतं आणि फरक पडला की बोंबलतं. सलाइनमध्ये लिटरला 9 ग्रॅम मीठ असतं तेही या पेशी सांभाळायलाच.

पहिल्यांदा आलेल्या रुग्णाचं डायलिसिस आम्ही मुद्दाम थोडा वेळ आणि हळू करतो. मुलगे वैतागतात: पैसे भरलेत, पुरते चार तास करा की. रक्तातला युरिया भराभर उतरवला, तर मेंदूतला तेवढ्या वेगाने बाहेर पडत नाही. मग काही काळ मेंदूत विरघळलेलं जास्त आणि रक्तात कमी, आणि पाणी मेंदूच्या पेशींत शिरतं. डोकं दुखतं, उलट्या होतात, कधी झटकेही येतात. मी त्या मुलग्यांना कागदावर दोन बाण काढून दाखवते. बहुतेकांना पटतं.

आमचं नळकांडं शेवटी चाळणी आहे, पेशीचं पटल त्याहून पुष्कळ हुशार. आम्ही शाळेत होतो तेव्हा पाणी इतक्या सहज पटलातून कसं जातं हे कोडंच होतं. ॲक्वापोरिन नावाची प्रथिनांची दारं पुढे सापडली आणि त्यासाठी पीटर ॲग्र यांना 2003 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. एका दारातून सेकंदाला पाण्याचे अब्जावधी रेणू एका ओळीत जातात. आपल्या बांधावरच्या मानशीसारखीच, म्हणजे खाजनातलं पाणी सोडायच्या झडपेसारखीच ही दारं, कुणी ऊर्जा खर्च न करता चालणारी. फक्त मानस ओहोटीलाच पाणी सोडते, ही दोन्ही दिशांनी सोडतात. सोडियम पेशीबाहेर टाकायचा पंप मात्र फुकट चालत नाही, तिथे पेशीला ऊर्जा मोजावी लागते.

जाता जाता धंद्याची गोष्ट: मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी पुरुमेंतातलं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेलं खारवलेलं सुकं मासे जपून खावं. मिठाने रक्त खारट होतं, पाणी पेशींतून बाहेर येतं, तहान लागते, आणि प्यालेलं पाणी मग आमच्या यंत्रातून काढावं लागतं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, म्हणून तेही डॉक्टरांना विचारूनच. बाकीच्यांनी खुशाल प्यावं.

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी मुदत संपलेली, न वापरलेली दोन नळकांडी मुख्याध्यापकांकडे दिली आहेत. एक उभं चिरलं आहे, आतले तंतू हाताने मोकळे करता येतात. दुसरं अखंड आहे. आतून रंगाचं पाणी आणि बाहेरून साधं पाणी सोडलं की साध्या पाण्यात रंग उतरताना मुलांना दिसेल. वाहायच्या दिशा उलटसुलट करून बघा, फरक पडतो.